बसला म्हटलं की उचलायचं

काचेच्या दुकानात त्याला सगळे सकर म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोठ्या काचा उचलायला मुठीच्या रबरी वाट्या असतात. वाटी काचेवर दाबायची, मुठीच्या टोकाचा दट्ट्या अंगठ्याने चार-पाच वेळा खटाखट आत मारायचा, की आतली हवा निघून जाते आणि वाटी काचेला अशी चिकटते की माणूस लोंबकळला तरी सुटायची नाही. त्या वाटीला म्हणतात सकर. कटिंगच्या टेबलावर एक जण होता, त्याला इंग्रजी सिनेमांचा भारी नाद. त्याला कुठूनसं कळलं की साहेबाच्या भाषेत सकर म्हणजे कुणीही यावं आणि टोपी घालून जावं असा माणूससुद्धा. झालं! दुसऱ्या दिवसापासून नाव चिकटलं ते सव्वीस वर्षं सुटलं नाही.

आणि चिकटायला कारणंही तशीच होती हो. नवा असताना त्याला या लोकांनी बाजारात पाठवलं, काच ओढणारं लोहचुंबक आणायला. हार्डवेअरवालाही यांच्यातलाच, तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आत्ताच संपलं. मंगळवारी माल येतोय." दुसरा कुणी असता तर दुकानात परत येऊन दोन शिव्या हासडल्या असत्या. हा मंगळवारी पुन्हा गेला! मग डावखुऱ्यांचा काचकटर आणायला गेला. मग आरशाच्या मागच्या बाजूने पुसायचं औषध. आपल्या भाषेत असल्या माणसाला शब्दांचा काय तोटा आहे? बकरा, गिऱ्हाईक, बावळट, भोळासांब, आणि मामा तर सर्रास. पण दुकानात सकरच चाललं.

त्याची मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा तिला या नावाचा फार राग यायचा. एका रविवारी तिने जाडजूड शब्दकोश काढला आणि बापाला समोर बसवून वाचायला लागली. एक, रबराची वाटी. दोन, झाडाच्या बुडाशी फुटणारा फुटवा, जो आईच्या मुळावर पोसतो. तीन, काडीवरची गोड गोळी. चार, तळाच्या दगडाला तोंड लावून बसणारा मासा. पाच, अजून अंगावर पिणारं पोर. सहावा अर्थ आला तशी ती थांबली.

"वाच की," सकर म्हणाला.

"काही नाही बाबा. तेच आपलं."

"अगं, सहातले पाच चांगले निघाले. आणखी काय पाहिजे? मला ती गोळी आवडली."

बायको भिंतीला टेकून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "गोळीच आहात तुम्ही. येणारा-जाणारा चघळून जातो." मुलगी हसली, तोही हसला, आणि बायकोला मात्र हसू आलं नाही. तिला कधीच येत नसे. संसार तिने केला होता आणि याच्या भोळेपणाचे घोळ निस्तरून तिचे केस पांढरे झाले होते. "तुम्हाला कुणी सांगावं की आज सूर्य सुट्टीवर आहे," ती म्हणायची, "की तुम्ही कपडे वाळत घालायचे नाहीत."

आता गंमत ऐका. ज्या माणसाची दिवसभर टर उडवायची, काच उचलायची वेळ आली की सगळ्यांना जोडीला तोच हवा असायचा.

त्याचं असं आहे. मोठी काच दोघांनी उचलायची. या टोकाला एक, त्या टोकाला एक, आणि तिसरा खाली बसून काचेचा पाय खाचेत घ्यायला. ज्याचा सकर त्याने बसवायचा. दट्ट्यावर एक लाल रेघ असते. ती आत गेली म्हणजे वाटी घट्ट बसली. रेघ बाहेर दिसायला लागली म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय, हात लावू नका. आपली रेघ आपण बघायची आणि ओरडायचं, "बसला!" समोरच्याने त्याच्या बाजूने ओरडायचं, "बसला!" आणि उचलायचं. समोरच्याची रेघ बघायला वाकायचं नाही. वाकून बघणं म्हणजे त्याला चारचौघांत तोंडावर खोटारडा म्हणणं. यावरून दुकानात एकदा गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली होती. काही जण वाकत नसत पण मान न हलवता डोळा तिरका करायचे, आणि समोरच्याला ते कळायचंच. सकरने सव्वीस वर्षांत डोळा तिरका केला नाही. तुम्ही बसला म्हणालात, त्याने उचलली. मिस्त्री तर म्हणायचे, "याच्याबरोबर काच उचलताना माणसाला आपण सज्जन असल्यासारखं वाटतं."

हे मिस्त्री म्हणजे टोळीचे म्होरके. साठीला टेकलेले, आवाज खडा, पण माणूस मोठ्या मनाचा. सकरची थट्टा न करणारा दुकानात तो एकच. आणि जोडीला असायचा सकरचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला धाकटा म्हणत म्हणून दुकानातही तो धाकटाच. सकरनेच त्याला कामाला लावलं होतं. हात चलाख, तोंड त्याहून चलाख, आणि बूड एका जागी कधी टिकायचं नाही.

त्या आठवड्यात घरी एक प्रकार झाला. दारात एक माणूस आला, खाकी शर्ट, हातात वही. म्हणाला, नळ तपासायचेत, स्वयंपाकघरातला गळतोय, दुरुस्त करून संध्याकाळी आणून देतो. नळ गळत नव्हता. तरीही सकरने स्वतःचा पाना आणून स्वतःच्या हाताने तो नवाकोरा नळ काढून दिला, वर पिशवीत घालून दिला. संध्याकाळ गेली, दोन दिवस गेले, कसला नळ आणि कसलं काय! तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून बादली ओढत आणताना बायकोचा तोल सुटला. "एकदा तरी स्वतःचे डोळे वापरा हो! ते काय नुसता चष्मा अडकवायला दिलेत? समोरचा बोलला की संपलं! सव्वीस वर्षं मी ओरडतेय. एकदा, फक्त एकदा, बघा!"

त्याने डबा घेतला आणि कामावर गेला. पण शब्द मनात टोचत राहिले.

काम होतं दातांच्या एका दवाखान्यात. रस्त्याच्या बाजूची सबंध भिंत काचेची. सात फूट बाय चार, बारा एमएम, एकेक काच ऐंशी किलोची. दोन बसवून झाल्या होत्या. तिसरी टेंपोतून काढून आत घोड्याला, म्हणजे काच टेकवायच्या लाकडी चौकटीला, टेकवलेली. टेंपो रस्त्यात आडवा, मागे गाड्या तुंबलेल्या, आणि टेंपोवाला सारखा हॉर्न मारतोय, घोडा रिकामा करून बाहेर द्या म्हणून. आत फरशी कापायचं काम चाललेलं, त्यामुळे काचेवर पिठासारखी धूळ. अशा वेळी वाटी लावायच्या आधी काच ओल्या फडक्याने पुसायची असते. सकरने आपली बाजू पुसली. फडकं मेहुण्याकडे टाकलं. मेहुण्याने ते झेललं आणि खांद्यावर टाकलं. हॉर्न ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं. त्याने तशीच वाटी दाबली, दट्ट्या खटाखट मारला आणि ओरडला, "बसला!"

मिस्त्री खाली उकिडवे बसून खाचेत रबर सारखं करत होते. "घ्या," ते म्हणाले.

आणि सकरने बघितलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मान पुढे काढली आणि मेहुण्याच्या दट्ट्याकडे नीट, डोळे उघडून बघितलं. लाल रेघ बाहेर होती. दोऱ्याएवढी नाही, चांगली बोटाच्या पेराएवढी होती.

मेहुण्याच्या ते लक्षात आलं. त्याचा चेहरा लाल झाला. "काय बघताय भावोजी? बसलाय म्हणतो ना! आता तुम्हीपण?"

आता इथे सकरने काय करायला हवं होतं हे तुम्हाला कळतं, मला कळतं, त्यालाही कळत होतं. थांब, एवढा एकच शब्द. पण तो शब्द त्याने आयुष्यात कधी वापरलाच नव्हता, मग ऐन वेळी तोंडात येणार कसा? मेहुणा रागावला होता. मिस्त्री वाट बघत होते. हॉर्न वाजत होता. आणि त्याच्या मनात एक विचार आला. तो विचार नंतर त्याला जेवू देईना, बसू देईना. तो विचार असा: मला काय? तो बसला म्हणाला आहे. पडली तर त्याच्यामुळे पडेल.

"बसला," सकर म्हणाला, आणि उचलली.

काच वीतभर उठली. मेहुण्याची वाटी फट्‌ आवाज करून सुटली. त्याच्या बाजूचा कोपरा खाली आला तो थेट मिस्त्रींच्या डाव्या पावलावर. काच फुटलीसुद्धा नाही. मिस्त्री ओरडले, आणि ते ओरडणं ऐकून बाहेरचा हॉर्न थांबला.

पावलाची हाडं सांधली, पण शिरा तुटल्या होत्या त्या नीट जुळल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील, शिडी आता विसरा.

मालकाने सगळ्यांना बोलावलं. मेहुण्याने काही लपवलं नाही. पुसली नाही, घाई केली, रेघ नीट बघितली नाही, म्हणाला. मालकाने त्याला तिथल्या तिथे घरचा रस्ता दाखवला. मग मालकाची नजर सकरवर गेली आणि एकदम निवली. "याला काय विचारायचं? याला सांगितलं बसला, याने उचलली. नेहमीसारखा फसला बिचारा." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी तरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तू बघितलं होतंस का, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. निदान तो स्वतःला तसं सांगत असे. कुणी विचारलं नाही म्हणून तो गप्प राहिला, आणि एकदा गप्प राहिल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त कठीण झालं.

घरी बायकोने आगपाखड केली. नवऱ्यावर नव्हे, भावावर. "बाहेरचे फसवतात ते फसवतात, तूसुद्धा? यांनी तुला हाताला धरून कामाला लावलं आणि तू यांच्याच हातून पाप घडवलंस? या घराची पायरी चढू नकोस." धाकटा खाली मान घालून गेला. तिने दार लावलं आणि त्या दाराला पाठ लावून ढसाढसा रडली. पाठचा भाऊ होता तो, तिनेच कडेवर वागवलेला. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. तुमचा काय दोष?" आणि त्या दिवसापासून ती त्याला टोचून बोलायची बंद झाली. नळाचं नावसुद्धा काढलं नाही. ताटात दोन घास जास्त वाढायला लागली.

ते घास त्याच्या घशाखाली उतरेनात. आजवर तो फसला की त्याची टर उडायची, बोलणी बसायची, पण रात्री झोप शांत लागायची. कारण भोळेपणात एक मोठी सोय असते आणि ती त्याला पहिल्यांदाच कळत होती: दोष नेहमी फसवणाऱ्याचा. भोळ्याच्या वाट्याला हसू येतं, कीव येते, पण दोष येत नाही. त्याने त्या दिवशी ती सोय जाणूनबुजून वापरली होती. स्वतःची त्याला शिसारी आली.

दीड महिन्याने मेहुणा त्याला बसथांब्यावर भेटला. फर्निचरच्या गोदामात खोकी उचलत होता, तेही रोजचं काम नव्हे. गालफडं बसली होती. "ताई कशी आहे?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "मालक म्हणतात, मिस्त्री हो म्हणाले तर परत घेतो. पण मी कोणत्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे?" त्याने बस येतेय का बघितलं. "चूक माझीच भावोजी. तुमच्याबद्दल मनात काही नाही. तुम्ही कुठे बघता कुणाचं? मला वाटलं, त्या दिवशी बघताय की काय. पण नाही. बघितलं असतंत तर उचललीच नसती."

सकरच्या जिभेवर आलं होतं. बस आली, मेहुणा चढला, आणि हा थांब्यावर तसाच उभा राहिला.

रविवारी दुपारी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "मी बघितलं होतं."

"काय?"

"त्याची रेघ. बाहेर होती. बघूनसुद्धा मी उचलली. त्याच्याइतकाच माझा दोष आहे. त्याला घरात घे."

तिने हातातली घडी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्हाला धाकटा भेटला होता का?"

आता खोटं बोलायला हा कधी शिकला होता? "हो. गुरुवारी, बसथांब्यावर."

"बघा!" ती म्हणाली. "त्यानेच भरवलंय हे तुमच्या डोक्यात. अरे देवा, हा मुलगा कुठल्या थराला गेला! आपलं पाप तुमच्या पदरात टाकतोय आणि तुम्ही ओटी पसरून बसलात."

"अगं तो काही बोलला नाही. मी खरं सांगतोय."

"तुम्हाला खरंच वाटत असणार. त्याने तसं पटवलं असेल. तुम्हाला काय हो, कुणीही काहीही पटवावं." आणि तिने पुन्हा घड्या घालायला घेतल्या. तो घसा फोडून सांगत राहिला आणि ती मान हलवत राहिली, आजाऱ्याच्या बडबडीला हलवतात तशी.

म्हणून मग तो मिस्त्रींकडे गेला. त्यांनी हो म्हटलं की मेहुणा कामावर येणार होता. कामावर आला की आज ना उद्या बायकोचंही मन वळलं असतं. शब्द वाटेत चारदा घोळवले होते. मिस्त्री बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, डावा पाय स्टुलावर, बाजूला काठी. याला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये, ये! अगं, चहा टाक, सकर आलाय."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. फडकं, धूळ, लाल रेघ, मेहुणा काय बोलला आणि त्या क्षणी आपल्या मनात काय आलं, तेसुद्धा. "मला वाटलं, मला काय, पडली तर त्याच्यामुळे पडेल. मिस्त्री, असं मला वाटलं. तुम्ही खाली बसला होतात, ते मला दिसत होतं." एवढं बोलून तो रडायला लागला, पोरासारखा, नाक ओढत. "त्याला परत घ्यायला सांगा. काढायचं तर आम्हा दोघांना काढा."

दारात त्यांची बायको कप घेऊन थबकली होती. मिस्त्रींनी हात पुढे करून सकरचं मनगट धरलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

"रडू नको. चहा घे. मला एक सांग, हे सगळं बोलायला तुला पढवून कुणी पाठवलं?"

"कुणी नाही! माझी शपथ घ्या, मुलीची शपथ घ्या."

"बरं, बरं. मेहुण्याची नोकरी गेली, त्याचं तोंड बघवत नाही तुला. बायको माहेरपणाला मुकली. म्हणून आलास. मला कळत नाही का?" मिस्त्री बायकोकडे वळले. "बघ, आहे का असा माणूस? दुसऱ्याचं ओझं उचलायला आला, आणि विचारही कसा शोधून आणला! असा विचार याच्या मनात येईल तरी का?"

"नाही हो, कसा येईल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

"आला होता!" सकर ओरडला. आयुष्यात तो कुणावर एवढ्या जोरात ओरडला नव्हता.

मिस्त्रींनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "शांत हो. धाकट्याचं म्हणशील तर ते जमायचं नाही. त्याची जागा मी मालकांकडे मागून घेतली, माझ्या जावयासाठी. त्याची गिरणी बंद पडली, दोन लेकरं पदरात आहेत. सोमवारपासून येतोय तो. काचेचं त्याला ओ की ठो कळत नाही, म्हणून मुलीच्या जिवाला घोर लागलाय. तिला म्हटलं, घाबरू नकोस. जावयाला मी बजावून ठेवलंय, दुकानात कुणावर भरवसा ठेवू नकोस, दुसऱ्या कुणाबरोबर काच उचलू नकोस. सकरच्या समोर उभा राहा. तो बसला म्हणाला की डोळे मिटून उचल."

सकरने कप खाली ठेवला. "नको," तो म्हणाला. "मिस्त्री, हात जोडतो. त्याला माझ्या जोडीला देऊ नका."

मिस्त्री भरल्या डोळ्यांनी हसले. "म्हणून तर तुझ्याच जोडीला देतोय, वेड्या," ते म्हणाले. "चहा पी. गार होतोय."